फाटी (जळणाची लाकडं) ठेवायला परड्यात, म्हणजे घरामागे, खोप घातली एकदाची

गॅस आहे हो घरात, पण आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं आणि आमच्या रत्नागिरीकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे मृगाच्या आत फाटी झाकली नाहीत तर चार महिने नुसता धूर. ताडपत्रीचा काही उपयोग नाही, ती आतून घामेजते आणि लाकडाला बुरशी येते. म्हणून यंदा सरळ खोपच घातली. खाली जांभ्याचे चिरे, त्यावर आडव्या पोफळी टाकल्यात, त्यामुळे लाकूड जमिनीला टेकत नाही, वाळवी पटकन चढत नाही आणि खालून वारा खेळतो. वर पत्रा. पश्चिमेची बाजू तेवढी माडाच्या विणलेल्या झापांनी बंद केली, झड तिकडूनच येते ना, बाकी सगळं मोकळं. शेजारचे काका म्हणत होते चारी बाजूंनी बांधून टाक, पण मग ओल जाणार कुठून? काजूची, आंब्याची जाडी लाकडं एप्रिलच्या उन्हातच फोडून घेतली, अख्खी ठेवली की आतून ओलीच राहतात. आणि हो, फाटी काढताना आधी काठीने ठोकायचं, फुरशाला, त्या विषारी सापाला, असली जागा फार आवडते, आई तर टॉर्चशिवाय तिकडे फिरकतच नाही.