तुम्ही विचारलंत म्हणून: डेटाच्या आत डेटा
"साधा फॉर लूप जमतो. पण लिस्टच्या आत डिक्शनरी, तिच्या आत पुन्हा लिस्ट असं आलं की डोकं चालेनासं होतं. दोन लूप लिहायचे की तीन, हे कसं ठरवायचं?" नव्याने पायथन शिकणारे मला हे इतक्या वेळा विचारतात की एकदा नीट लिहूनच काढते.

लूप, म्हणजे एकेका गोष्टीवर तेच काम पुन्हा पुन्हा करणं, किती लागतील हे तुम्ही ठरवायचंच नसतं, ते डेटा ठरवतो. तुम्ही फक्त प्रत्येक ओळीवर थांबून विचारायचं: आत्ता माझ्या हातात काय आहे? लिस्ट (ओळीने ठेवलेल्या गोष्टी), डिक्शनरी (प्रत्येक नावापुढे त्याची माहिती), की नुसता आकडा?

समजा, विद्यार्थ्यांची एक लिस्ट आहे. तिच्यातला प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक डिक्शनरी, आणि त्या डिक्शनरीत दोन गोष्टी: नाव आणि गुण. गुण ही पुन्हा डिक्शनरीच. तिच्यात प्रत्येक विषयापुढे चाचण्यांच्या गुणांची लिस्ट. अनघाला गणितात ४२ आणि ३८, विज्ञानात ३५ आणि ४१. रोहनला गणितात ३० आणि ३३, विज्ञानात ४० आणि ३७. प्रत्येकाची बेरीज हवी आहे. अनघाची १५६ यायला हवी, रोहनची १४०.

पहिला लूप विद्यार्थ्यांच्या लिस्टवर फिरतो, हातात येतो एक विद्यार्थी. दुसरा त्याच्या गुणांवर फिरतो, हातात येतो एक विषय आणि त्याची लिस्ट. तिसरा त्या लिस्टवर, हातात येतो एक आकडा. आकड्याच्या आत काहीच नाही, म्हणून चौथा लूप नाही. तिसऱ्याचं काम पुढे 'सम' हे बेरीज करणारं तयार फंक्शन करेल, पण शिकताना तो हाताने लिहाच.

खरी गंमत पुढे आहे. 'बेरीज बरोबर शून्य' ही ओळ कुठे लिहायची? ती सगळ्या लूपांच्या वर लिहिली, तर अनघाचे १५६ बरोबर येतात, पण रोहनचे २९६ दिसतात, कारण अनघाची बेरीज पुसलीच गेली नाही. दुसऱ्या लूपच्या आत लिहिली, तर प्रत्येक विषयाला बेरीज नव्याने सुरू होते आणि शेवटी फक्त विज्ञान उरतं: ७६ आणि ७७. तिसऱ्याच्या आत लिहिली, तर फक्त शेवटची चाचणी उरते: ४१ आणि ३७. बेरीज विद्यार्थ्याची हवी आहे ना? मग शून्य पहिल्या लूपच्या आत, दुसऱ्याच्या बाहेर. या चारही जागी ती ओळ मुद्दाम ठेवून बघा आणि उत्तर काय येईल ते प्रोग्रॅम चालवण्याआधी कागदावर लिहा. नेस्टेड लूप, म्हणजे लूपच्या आत लूप, समजण्यासाठी याहून चांगला सराव मला माहीत नाही.

लूपमधल्या चलांना 'आय', 'जे', 'के' अशी नावं देऊ नका. विद्यार्थी, विषय, चाचणी अशी द्या. हातात काय आहे ते नावच सांगतं. पायथन ३ मध्ये चलांची नावं देवनागरीतही चालतात, तेव्हा सरावापुरती खुशाल मराठीत लिहा.

डिक्शनरीवर थेट लूप फिरवला की फक्त कीज (इथे विषयांची नावं) मिळतात, व्हॅल्यू (त्यांच्यापुढची माहिती) नाही. दोन्ही हवं असेल तर 'आयटम्स' वापरायचं. ते विसरलं तर कधीकधी काही चुकलंय हे कळतही नाही, कारण स्ट्रिंगवरही, म्हणजे अक्षरांच्या मजकुरावरही, लूप फिरतो. गुणांच्या जागी 'गणित' हा शब्दच हातात आला आणि तुम्ही आतला लूप त्याच्यावर फिरवून छापलंत, तर एररशिवाय चार तुकडे छापले जातात: ग, ण, वेलांटी आणि त. असं काही दिसलं तर समजा, तुम्ही व्हॅल्यू समजून कीवर फिरताय.

उलट, 'लिस्टचा इंडेक्स पूर्णांक हवा, स्ट्रिंग नको' अशा अर्थाचा टाइपएरर आला, तर तो तुमच्या मदतीलाच आलाय. तो सांगतोय की हातात अजून अख्खी लिस्ट आहे आणि तुम्ही तिच्याकडे नाव मागताय. त्या ओळीच्या वर हातातल्या गोष्टीचा 'टाइप', म्हणजे प्रकार, छापून बघा, कोडं सुटतं.

आता मांडणीबद्दल. नावांची एक लिस्ट आणि गुणांची वेगळी लिस्ट, असं करू नका. एक लिस्ट सॉर्ट केली की जोड्या तुटतात. एका माणसाची माहिती एकाच डिक्शनरीत राहू द्या. आणि सतत हजेरी क्रमांकावरून शोधायचं असेल, तर बाहेरची लिस्ट सोडून हजेरी क्रमांक हीच की करा. मग एका विद्यार्थ्यासाठी सगळ्यांवर लूप फिरवावा लागत नाही.

प्रश्न बदलला की आकारही बदलावासा वाटतो. 'प्रत्येक विषयात पहिलं कोण?' हे विचारायचं असेल तर विषय बाहेर आणि विद्यार्थी आत हवेत. त्यासाठी दुसरी, रिकामी डिक्शनरी घ्या आणि जुन्या डेटावर त्याच क्रमाने फिरत ती भरा. विषय तिच्यात पहिल्यांदाच येत असेल, तर आधी त्याच्यापुढे एक रिकामी डिक्शनरी ठेवावी लागते, नाहीतर ती की सापडत नाही म्हणून कीएरर येतो. ही तपासणी दुसऱ्या लूपमध्ये करा, कारण विषय हातात येतो तो तिथेच.