क्राबीची सात बेटे आणि रात्रीचे चमकते पाणी: तिकीट काढण्यापूर्वी तिथी पाहा

थायलंडमधील क्राबी प्रांतात आओ नांगच्या किनाऱ्यावर सहलींच्या तिकिटांच्या टपऱ्या ओळीने उभ्या आहेत आणि त्यांपैकी जवळपास प्रत्येकीवर निळ्या प्रकाशाने उजळलेल्या लाटांचा फलक लावलेला आहे. दुपारी दीड-दोनच्या सुमारास निघायचे, जवळची सात बेटे पाहायची, वाटेत स्नॉर्केलिंग करायचे, वाळूवर बसून सूर्यास्त पाहत जेवायचे, अंधार पडल्यावर चमकणाऱ्या प्लवकांमध्ये, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये, पोहायचे आणि रात्री आठ-साडेआठपर्यंत परतायचे, अशी ही सहल आहे. ती अवश्य करावी असेच माझे मत आहे. मात्र ती कोणत्या दिवशी करावी हे टपरीवरचा माणूस सांगत नाही आणि सगळी सहल नेमकी त्याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.

आम्ही तिकीट काढले त्या दिवशी शुद्ध त्रयोदशी होती. पौर्णिमा दोन दिवसांवर आली आहे, एवढ्या चांदण्यात हे प्लवक दिसतील का, असे पत्नीने पैसे देण्यापूर्वीच स्पष्ट विचारले होते. विक्रेत्याने फलकावर बोट ठेवून ‘रोज रात्री, शंभर टक्के’ असे उत्तर दिले. त्या संध्याकाळी सूर्य मावळण्याआधीच चंद्र पूर्वेला बराच वर आला होता आणि आमची नाव रायलेच्या कड्यांजवळ थांबली तेव्हा समुद्रावर एकमेकांचे चेहरे ओळखता येतील एवढा उजेड होता. पाण्यात उतरलेल्या वीस-बावीस जणांपैकी ज्यांना नावेच्या सावलीत जागा मिळाली त्यांना बोटांभोवती दोन-चार ठिणग्या दिसल्या. बाकीचे नुसतेच हात हलवत राहिले, दहा मिनिटांनी शिट्टी वाजली आणि सहल संपली. दुसऱ्या दिवशी त्याच टपरीवर जाऊन विचारले तेव्हा निसर्गाची हमी कोणी देत नाही, असे आम्हाला ऐकवण्यात आले. आदल्या दिवशी शंभर टक्क्यांची हमी याच माणसाने दिली होती. याला मी फसवणूकच म्हणतो, कारण या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला चंद्राची तिथी तोंडपाठ असते.

चंद्रामुळे प्लवक चमकायचे थांबतात असे नाही. त्यांचा प्रकाश फक्त दिसेनासा होतो. डायनोफ्लॅजेलेट वर्गातील हे एकपेशीय जीव असतात आणि पाण्याला धक्का बसला की त्यांच्या पेशीत ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन निळसर प्रकाश पडतो. एका पेशीची चमक सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढी टिकते. इतका क्षीण प्रकाश दिसण्यासाठी भोवताली पूर्ण अंधार हवा आणि डोळेही त्या अंधाराला सरावलेले हवेत, ज्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. आकाशात मोठा चंद्र असेल तर पाणी कितीही ढवळले तरी उपयोग होत नाही.

आपल्याकडे घरोघरी भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यात संकष्टीची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, तिचा इथे थेट उपयोग होतो. संकष्टीला चंद्र साधारण नऊच्या आसपास उगवतो आणि क्राबीतही तो त्यांच्या घड्याळाप्रमाणे जवळपास त्याच सुमारास वर येतो. म्हणजे वद्य चतुर्थीपासून पुढे संध्याकाळी सात ते साडेआठ हा सगळा वेळ अंधाराचा मिळतो. तो अमावास्या ओलांडून शुद्ध द्वितीयेपर्यंत मिळत राहतो, कारण तेव्हाची कोर बारीक असते आणि लवकर मावळते. शुद्ध पंचमीनंतर वद्य द्वितीयेपर्यंतच्या दिवसांत प्लवकांसाठी पैसे भरू नयेत. त्या दिवसांत गेलातच तर केवळ सूर्यास्तासाठी जा आणि तेवढेच पैसे द्या.

याच्या जोडीला भरती-ओहोटीचाही विचार करावा लागतो. टुप, मोर आणि चिकन या बेटांना जोडणारा वाळूचा पट्टा, ज्याला तिथे थाले वाएक म्हणतात, फक्त ओहोटीला उघडा पडतो आणि फलकावरचे दुसरे मोठे छायाचित्र त्याचेच असते. या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी साधारण दुपारी चार-पाचच्या सुमारास पूर्ण होते, म्हणजे सहल नेमकी तिथे पोहोचते तेव्हा वाळू कोरडी असते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा, मात्र त्याच वेळी पाणी चढलेले असते आणि पट्टा दिसतच नाही. वाळूचा पट्टा आणि चमकते पाणी या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी हव्या असतील तर वद्य त्रयोदशी ते शुद्ध द्वितीया एवढेच दिवस खरे आहेत. विमानाची तिकिटे काढण्यापूर्वीच हे पाहून ठेवावे, कारण तिथे पोहोचल्यावर तारीख हलवणे जमेलच असे नाही.

आमचे जमले ते केवळ पुढचे काही दिवस कोह लांता बेटावर काढायचे होते म्हणून. लांता सुंदर आणि निवांत आहे, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तिथून परतताना वद्य पंचमीला आम्ही पुन्हा आओ नांगला आलो. या वेळी टपरीकडे न जाता नोप्पारात थाराच्या धक्क्यावर एका नाववाल्याशी थेट बोललो आणि आणखी एका कुटुंबाबरोबर त्याची लाँगटेल, म्हणजे मागे लांब दांड्यावर पंखा असलेली, नाव ठरवून घेतली. त्या रात्री मास्क लावून तोंड पाण्यात घातले आणि हात पुढे केला, तर मनगटापासून कोपरापर्यंत हातावरचा प्रत्येक केस उजळून निघाला. बोटे मिटली की मुठीत ठिणग्या अडकत आणि उघडली की फुलबाजीच्या शेवटच्या ठिणग्यांसारख्या खाली गळत जात. पाय मारला की मागे निळसर धुराचा लोट उठे. आम्ही कोणीही बोलत नव्हतो. एवढे एक पाहण्यासाठी आधीचा सगळा मनस्ताप पुन्हा सोसावा लागला तरी मी तो सोसेन.

परंतु फलकावरचे चित्र मनातून काढून टाका. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा अख्ख्या निळ्या होणे ही वेगळी घटना आहे. नॉक्टिल्युकासारख्या प्लवकांची अतोनात वाढ होते तेव्हा ती दिसते, जशी नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत जुहूला आणि कोकणात देवगडच्या बाजूला अनेकांनी पाहिली. क्राबीत लाटा चमकत नाहीत. पाण्यात उतरून ते हलवावे लागते, आणि जो नावेवरच बसून राहतो त्याला फारसे काही दिसत नाही. साध्या मोबाइलवर याचे छायाचित्र येत नाही. आमच्या पहिल्या नावेवर अर्ध्या लोकांनी चित्रणासाठी मोबाइलचे दिवे लावले आणि जो काही थोडा अंधार होता तोही घालवला. सहल ठरवताना ‘त्या थांब्यावर नावेचे सगळे दिवे विझवणार का आणि किती वेळ’ हा प्रश्न विचाराच. आमच्या नाववाल्याने दिवा विझवून पंधरा मिनिटे आम्हाला नुसते शांत बसवले आणि मगच पाण्यात उतरू दिले. त्याचा फरक फार मोठा होता.

पैशांविषयी सांगायचे तर त्याच सहलीचे, त्याच नावेचे तिकीट एका टपरीवर १,२०० बाथला आणि शंभर पावलांवर दुसरीत ९०० बाथला मिळत होते. एक बाथ म्हणजे अडीच ते तीन रुपये धरा. पहिला सांगितलेला दर कधीच देऊ नये. याशिवाय राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्क असते. आमच्याकडून ते परदेशी प्रौढांसाठी २०० आणि मुलांसाठी १०० बाथ असे वेगळे घेण्यात आले. तिकीट विकताना ‘सगळे त्यातच’ असे सांगितले गेले होते आणि नाव सुटण्याच्या वेळी धक्क्यावर मात्र हे रोख मागितले गेले. शुल्क रास्त आहे आणि ते भरलेच पाहिजे, पण त्याचा समावेश तिकिटात आहे की नाही हे पावतीवर लिहून घ्या. काही टपऱ्यांवर फिनसाठी, म्हणजे पोहताना पायांत घालायच्या रबरी पंखांसाठी, वेगळे भाडे घेतात. आपला स्वतःचा मास्क नेणे सर्वांत उत्तम, कारण तिथल्या मास्कच्या रबरी कडा झिजलेल्या असतात आणि अंधारात मास्कमध्ये पाणी शिरले की नवखा माणूस घाबरतो.

दिवसाउजेडी होणारे स्नॉर्केलिंग ठीक आहे, त्याहून अधिक नाही. सी आणि यावासाम या बेटांजवळ पट्टेरी मासे भरपूर दिसतात, प्रवाळ काही ठिकाणी चांगले तर काही ठिकाणी मोडलेले आहेत आणि उथळ पाण्यात लांब काळ्या काट्यांचे समुद्री अर्चिन असल्याने तिथे पाय टेकू नये. माशांना पाव टाकण्यास मनाई आहे. नाववाल्याने पाव पुढे केला तरी नको म्हणा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखी प्रवाळांना घातक द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनवर थायलंडने २०२१ पासून राष्ट्रीय उद्यानांत बंदी घातली आहे आणि दंड एक लाख बाथपर्यंत होऊ शकतो. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातला की सनस्क्रीनची गरज बरीच कमी होते आणि जेलीफिशपासूनही संरक्षण मिळते. नावेवर व्हिनेगरची बाटली आहे का, हेही निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

सबंध सहलीत खरोखर अवघड टप्पा एकच आहे आणि त्याविषयी आम्हाला कोणीही सावध केले नव्हते: अंधारात पाण्यातून पुन्हा नावेवर चढणे. लाँगटेलची कड पाण्यापासून बरीच उंच असते आणि तिच्यावर दोन आकड्यांनी एक लहानशी लोखंडी शिडी अडकवलेली असते. नावेची बाजू खाली आत वळत गेलेली असल्यामुळे पाय ठेवताच शिडीचे खालचे टोक नावेच्या पोटाखाली सरकते, पाय पुढे आणि पाठ मागे अशी स्थिती होते आणि सगळा भार हातांवर येतो. त्यातच जाड लाइफ जॅकेट छाती आणि शिडी यांच्यामध्ये अडकते. लाटेबरोबर नाव वर उचलली गेली की पायरी गुडघ्याच्या वर जाते आणि क्षणात परत खाली आदळते. पहिल्या सहलीत आमच्या पुढच्या काकूंचा पाय याच क्षणी निसटला आणि नडगी पायरीवर चांगलीच सोलवटली. त्यांना वरून ओढून घेईपर्यंत मागे आठ-दहा जण अंधारात तरंगत ताटकळत होते.

म्हणून उतरण्यापूर्वीच शिडी नीट पाहून ठेवा. परत येताना फिन आधी काढून वर द्या, जॅकेट काढू नका पण त्याचा छातीवरचा पट्टा किंचित सैल करा, हात पायऱ्यांना न धरता थेट वरच्या कडेला धरा आणि नाव आपल्या बाजूला झुकेल त्या क्षणी अंग शिडीला चिकटवून चढा. सर्वांच्या मागे राहू नका. दमलेल्या हातांनी हे जमत नाही. आणि इंजिन बंद झाल्याचे कानांनी ऐकल्याशिवाय पाण्यात उतरूही नका, नावेजवळही येऊ नका. या नावांचा पंखा लांब दांड्याच्या टोकाला, नावेच्या बऱ्याच मागे पाण्यात असतो आणि रात्री तो कुठे आहे हे दिसत नाही. ज्यांना खांद्याचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी पक्की शिडी असलेली मोठी बोट निवडावी, जरी तिच्यावर गर्दी अधिक असली तरी. पोहता न येणाऱ्यांनी जॅकेटसह नावेला बांधलेला दोर धरून राहिले तरी चमक पुरेशी दिसते.

फ्रा नांगच्या किनाऱ्यावरची गुहा आणि तिथे कोळ्यांनी देवीला वाहिलेली लाकडी लिंगे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. पोडा बेटाची वाळू चांगली आहे. जेवण म्हणजे भाजलेली कोंबडी, भात आणि कलिंगड; शाकाहारी म्हणून दिलेल्या भाजीतही माशाचे सॉस असण्याची शक्यता मोठी, तेव्हा दशम्या किंवा खाकरे बरोबर ठेवावेत. परतीच्या अर्ध्या तासात ओल्या अंगावर वारा लागून हुडहुडी भरते, त्यामुळे कोरडा सदरा आणि विंडचीटर जलरोधक पिशवीत हवेच. आओ नांगला नाव वाळूपर्यंत येत नाही आणि अंधारात गुडघाभर पाण्यात उतरावे लागते, म्हणून पट्ट्याच्या चपला घाला. साध्या स्लीपर पाण्यात वाहून जातात.

हंगाम नोव्हेंबर ते एप्रिलचा. मे ते ऑक्टोबर या पावसाळी महिन्यांतही तिकिटे विकली जातात, पण तेव्हा संध्याकाळची नाव घेऊ नका. ५ जुलै २०१८ रोजी फुकेटजवळ वादळात फिनिक्स नावाची पर्यटक बोट बुडून ४७ जणांचा मृत्यू झाला होता. हंगामातही वारा वाढलेला दिसला, किंवा नाववाला स्वतःच आकाशाकडे पाहून चुळबुळ करताना दिसला, तर पैसे बुडाले तरी चालतील. धक्क्यावरूनच परत फिरावे.