रिमोटवर चालणारी माझी छोटी रेल्वे : माझा अनुभव

पुण्यात छोट्या रेल्वेचं वेड लागलेल्या बऱ्याच जणांना ते कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात लागलं असणार. मलाही तिथेच लागलं. आता आमच्या बाहेरच्या खोलीत प्लायच्या फळीवर एचओ प्रमाणाची गाडी धावते, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी. दोन रुळांत अंतर १६.५ मिलिमीटर. अडचण एकच होती. वेगाचा नॉब, ज्याला या छंदात थ्रॉटल म्हणतात, तो एका कोपऱ्यात वायरने बांधलेला. डोंगरामागे डबे जोडायचे तर नजर तिकडे आणि हात इकडे. गाडीबरोबर चालत चालत ती हाकता यावी, एवढंच मला हवं होतं.

इन्फ्रारेडवर, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमधल्या न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारे तयार थ्रॉटल परदेशी कंपन्यांच्या डिजिटल यंत्रणांमध्ये मिळतात. पण माझी गाडी साधी, बारा व्होल्ट डीसीची, आणि इंजिन एकच. त्यासाठी पूर्ण यंत्रणा बदलायची गरज नव्हती. अर्डुइनो उनो (प्रोग्राम भरता येणारा छोटा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या आज्ञेनुसार रुळांना वीज देणारा), टीएसओपी १७३८ रिसीव्हर (रिमोटचा प्रकाश टिपणारा) आणि जुना रिमोट यांवर काम भागतं. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत हे सगळं मिळालं. रिसीव्हर घेताना दुकानदारांनी आपणहून बजावलं, "साहेब, पाय बघून जोडा, सगळ्यांचे सारखे नसतात." अगदी खरं आहे. १७३८ मध्ये पायांचा क्रम ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असा. टीएसओपी ३८२३८ या दुसऱ्या रिसीव्हरमध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. दिसायला दोन्ही जवळपास सारखेच.

रिमोट कसा बोलतो हे समजलं की निम्मं काम झालं. त्याचा प्रकाश सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्यावर संदेश चढवलेला असतो. एनईसी या बऱ्याच रिमोटमध्ये असणाऱ्या संदेशपद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका येतो, मग ३२ बिट, म्हणजे शून्य-एकच्या खुणा. बटण दाबून धरलं की पूर्ण संदेश पुन्हा येत नाही. साधारण दर ११० मिलिसेकंदांनी 'अजून दाबलेलंच आहे' एवढीच छोटी खूण येते. थ्रॉटलसाठी ही खूण म्हणजे सोनं. प्रत्येक खुणेला मी वेग ५ ने वाढवतो. अर्डुइनोच्या मोजणीत कमाल वेग २५५, म्हणजे शून्यापासून तिथे पोचायला साडेपाच सेकंदांच्या आसपास लागतात. गाडी झटका न देता सुटते, वजनदार वाटते. माझी भाची तर आधी म्हणायची, "मामा, हळू सोड ना, आतली माणसं पडतील!" आता तीच गाडी सोडते.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळा. रिमोटचे संदेश वाचणारी आयआररिमोट लायब्ररी (तयार प्रोग्राम) उनोवर टायमर २ हे आतलं घड्याळ वापरते, त्यामुळे ३ आणि ११ नंबरच्या पिनवर वेगाचं नियंत्रण चालत नाही. मी ९ नंबर वापरला. दुसरं, एल२९८एन स्वतःच दोनेक व्होल्ट खातो. बारा दिले तर रुळांवर दहाच्या आसपास पोचतात. घरातल्या रुळांना तेवढे पुरतात. दिशा बदलण्याची आज्ञा वेग शून्य असतानाच स्वीकारायची, हे प्रोग्राममध्ये लिहून टाका. इंजिनाचे गिअर वाचतात.

खरी मेहनत उजेडाने घेतली. दुपारी उत्तम चालणारी गाडी संध्याकाळी ट्यूब लावली की ऐकेनाशी व्हायची. रिमोटवर शंका होती म्हणून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून त्याचा दिवा पाहिला. जांभळट लुकलुक स्वच्छ दिसत होती. ट्यूब बंद केली की गाडी लगेच आज्ञा पाळायची. इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबचा उजेडही फार वेगाने लुकलुकतो आणि रिसीव्हर त्यात गोंधळतो. मग मी रिसीव्हरला काळ्या कागदाची नळी घातली आणि ट्यूब त्याच्या नजरेत येणार नाही अशा बेताने त्याला छताकडे वळवलं. पांढऱ्या छतावरून इन्फ्रारेड छान परतून येतं, त्यामुळे रिमोट नेमका रिसीव्हरवर रोखावा लागत नाही. त्याच्या सप्लायमध्ये १०० ओहमचा रोध आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, म्हणजे मोटरचा खरखराटही आत येत नाही. डोंगरापलीकडे दुसरा रिसीव्हर बसवून दोघांचे आउटपुट एकत्र जोडले. संदेश आला की आउटपुटचं व्होल्टेज खाली जातं, त्यामुळे दोघांपैकी कुणीही ऐकलं तरी पुरतं.

एक काळजी मात्र प्रत्येकाने घ्यावी. हा संवाद एकतर्फी आहे. रिमोटचे सेल संपले तर गाडी शेवटच्या वेगाने धावतच राहते. म्हणून बारा व्होल्टच्या वायरमध्ये, फळीच्या कडेला हात पोचेल असा लाल स्विच बसवला आहे, आणि भाचीला गाडी सोडायला शिकवण्याआधी तो स्विच दाबायला शिकवला.