थंडीतली रोजनिशी : चोर्ला, धुपदाळ, आंबोली

शुक्रवार, रात्र

बेळगावातून नकाशावर सगळं हाताच्या अंतरावर दिसतं. राकसकोप तर शहराला लागूनच, कणकुंबी ४५ किमीच्या आसपास, हिडकल ५० च्या घरात, आंबोली सत्तरेक. त्यामुळं ‘सकाळी डॅम, दुपारी घाट’ असा बेत दर नाताळच्या सुट्टीत घरोघरी ठरतो आणि शेवटी अंधारात घाट उतरण्याची वेळ येते. पाण्याकाठी जायचं तर उजाडताना. पक्षी तेव्हाच असतात, वाराही पडलेला असतो. घाटात मात्र उजाडताना पाऊलच ठेवू नये. डिसेंबरअखेर आपल्याकडं सातला उजाडतं आणि सहा वाजून पाच-दहा मिनिटांनी सूर्य बुडतो. त्यातले घाटाचे तास नऊ ते साडेचार. म्हणून एका दिवशी एकच दिशा, एकदा पश्चिमेला घाट, एकदा पूर्वेला पाणी. मुलं कुरकुरतात, कुरकुरू देत.

धुक्याचं कारण सरळ आहे. आभाळ निरभ्र असलं की जमिनीतली ऊब रात्रभर निघून जाते. जंगलातली आणि पाण्यावरची ओली हवा खोलगट जागी साचते आणि पहाटे तिचं धुकं होतं. ते सर्वांत दाट सूर्य उगवल्यावर अर्धा-पाऊण तास असतं. ‘उजाडलं, आता निघू’ म्हणणारे नेमके त्यात सापडतात. किणये ओलांडून जांबोटीकडं निघालं की मोकळ्या माळावर लख्ख ऊन आणि पुढच्या ओढ्याच्या वळणावर वीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही, असं होतं. अप्पर लाईट लावून उपयोग नाही, धुक्यावर आपटून उजेड आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपर आणि असतील तर फॉग लॅम्प. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला वळणार की थांबलाय तेच कळत नाही. काच आतून धुरकटली की फडक्यानं पुसत बसण्यापेक्षा एसी चालू करून वारा काचेवर सोडावा आणि बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबावं. एसी हवेतला ओलावा ओढून घेतो. थंडीत एसी कशाला, म्हणून आई रागावेल, पण दोन मिनिटांचंच काम आहे.

गाडीचं आज रात्रीच करून ठेवायचं. चाकांतली हवा गाडी गार असताना बघायची. पाच माणसं आणि डिकीभर सामान असेल तर दाराच्या चौकटीवरच्या पट्टीत ‘पूर्ण भार’ म्हणून लिहिलेला आकडा धरायचा, मागच्या चाकांचा बहुधा जास्त असतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की हवेचा आकडा (पीएसआय) साधारण एकानं उतरतो. त्यामुळं दुपारी पंपावर भरलेली हवा पहाटे दोनेक आकड्यांनी कमी दिसते, चाक पंक्चर आहे असं नाही. स्टेपनीतली हवा लोक बघतच नाहीत. कूलंट टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये हवं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बदलूनच घाटाला निघावं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. तेल दाबानं आकसत नाही, वाफ आकसते, म्हणून पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

पेट्रोल बेळगावातच भरायचं. नकाशा मोबाईलवर उतरवून ठेवायचा, कारण कणकुंबीच्या पुढं रेंज येते-जाते.

शनिवार : चोर्ला

जांबोटीपर्यंतचा रस्ता कसा आहे हे दर वर्षी नव्यानं विचारावं लागतं. पावसाळ्यात उखडतो आणि थंडीत पॅचवर्क चालू होतं. खड्ड्यापेक्षा त्या पॅचवरची सुटी खडी वाईट, वळणावर ब्रेक दाबला की चाक सरकतं. दुसरा धोका साईडपट्टीचा. डांबराची कड आणि माती यांत काही ठिकाणी वीतभर खोल पायरी पडलेली असते. समोरून बस आली म्हणून घाईनं डावं चाक खाली घातलं तर परत वर घेताना गाडी झटक्यानं उजवीकडं उसळते. आधी वेग अगदी कमी करावा, मगच चाक खाली, आणि वर घेतानाही तसंच.

कणकुंबीला थांबायलाच हवं. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते आणि समुद्र पश्चिमेला इतका जवळ असून पाठ फिरवून पूर्वेला निघते. सौंदत्तीजवळच्या नवीलतीर्थाच्या धरणातून पुढं कूडलसंगमला कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात. त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र गोव्यात उतरून मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते. पोरांना भूगोलात ‘जलविभाजक’ पाठ करायला लावतात, तो इथं पायाखाली आहे. पाण्याचा सगळा तंटाही इथूनच सुरू होतो, पण सुट्टीत तो विषय काढू नये, जेवण लांबतं.

चोर्ल्यापुढं उतार. इथं तीन राज्यांच्या हद्दी जवळजवळ आहेत आणि पाट्या पटापट बदलतात. गाडीत मद्य नको. तपासणी नाक्यावर गाडी उघडायला लावतात आणि मागं रांग लागते.

उतरण्याची पद्धत लिहून ठेवतो, कारण घाट चढणं सगळ्यांना जमतं. ज्या गिअरमध्ये गाडी तो चढ चढली असती, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. चोर्ल्याला बहुतेक ठिकाणी दुसरा-तिसरा पुरतो. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच, गिअर खाली घ्यायचा. वळणात क्लच दाबून ठेवला की इंजिनाची ओढ सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत हलका दाबून धरायचा नाही. दोन-तीन सेकंद नीट दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. सोडल्यावर वारा लागून तबकडी निवते. ऑटोमॅटिक गाडीत ‘डी’ मध्ये उतरणारे पुष्कळ दिसतात. ‘एल’, ‘२’ किंवा हातानं गिअर बदलायची सोय, जे असेल ते वापरावं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. नव्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला पेट्रोल जातच नाही, न्यूट्रलमध्ये उलट थोडं जळतं.

जळका, आंबूस वास आला, पेडल दाबायला नरम लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल गेलं, तर रुंद जागा बघून थांबायचं. वळणावर नाही. तोंड उताराकडं असतं, म्हणून गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून चाकापुढं दगड लावायचा. हँडब्रेक ओढायचा नाही, मागचे गरम पॅड चिकटून बसतात. अर्धा तास नुसतं थांबायचं. चाकावर पाणी ओतण्याचा मोह फार होतो, कोणी ना कोणी बाटली घेऊन पुढं येतोच. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं की तबकडी वाकते आणि मग दर ब्रेकला स्टिअरिंग थरथरतं.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमही तोच आहे. खालच्याला चढावर थांबून परत उचलणं अवघड जातं. अंध वळणावर एकच लांब हॉर्न, आणि कान उघडे ठेवायला काच चार बोटं खाली.

गाडी लागणाऱ्यांना पुढची सीट, नजर लांबच्या रस्त्यावर. मोबाईल पाहणारं पोर दहाव्या वळणाला ओकतं. डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत आणि कानातला तोल सांगतो की हलतोय, त्या ओढाताणीत पोट ढवळतं. निघण्याआधी उपाशी नको आणि मिसळही नको. कोरडे चिरमुरे, एखादी भाकरी, हाताशी आलेपाक. गोळी द्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, घाटाच्या अर्धा-एक तास आधी. वळणं सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेर येते. सात-आठशे मीटर भराभर उतरताना कान बसतात, मोठ्यांनी आवंढा गिळावा, तान्ह्याला अंगावर पाजावं. वर स्वेटर आणि खाली गोव्यातल्या केरीला पोचेपर्यंत घाम, म्हणून एकावर एक पातळ कपडे बरे.

परतताना चार वाजता केरी सोडायची, त्यापुढं नाही.

रविवार : धुपदाळ, गोकाक, हिडकल

आज अंधारातच निघायचं, कारण पूर्वेला चोर्ल्यासारखा घाट नाही. काकतीच्या पुढचा सुतगट्टीचा हायवे रुंद आहे. फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते मात्र रात्रीच बघावं.

इकडचा धोका उसाचा. कारखाने चालू झाले की मार्चपर्यंत हुक्केरी, संकेश्वर, गोकाक, चिक्कोडी, सगळीकडं डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर. मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर उसाच्या पाल्यात बुडालेला, आणि मोळ्या ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी हातभर बाहेर. सर्वांत वाईट म्हणजे पंक्चर होऊन रस्त्यातच उभी ठेवलेली ट्रॉली, मागं चार दगड लावलेले. ड्रायव्हर चाक घेऊन गावात गेला की दगड तिथंच राहतात. डबल ट्रॉली ओलांडायला आपण धरतो त्याच्या दुप्पट मोकळा रस्ता लागतो आणि मागची ट्रॉली नागमोडी झुलते. चढावर तर अजिबात ओलांडू नये, पुढचं चाक उचललं तर ट्रॅक्टर मागं येतो. अंधारात साठच्या वर वेग नको, आणि परतीला सूर्य बुडायच्या आत हायवे गाठावा.

धुपदाळचा बंधारा घटप्रभेवर. इथलं पाणी उथळ, मध्ये झुडपांची बेटं, म्हणून पक्षी. थंडीत मध्य आशियातून कांड्या करकोचे येतात. करडं अंग, मानेची पुढची बाजू काळी आणि छातीपर्यंत लोंबणारी, डोळ्यामागून निघालेला पांढरा तुरा. रात्री उथळ पाण्यात उभे राहतात, उजाडलं की थव्यानं शिवारात चरायला जातात. नऊला पोचलेल्यांना रिकामं पाणी दिसतं आणि ते ‘काही नाही इथं’ म्हणून परततात. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहायचं म्हणजे ऊन पाठीवर येतं, पश्चिमेच्या काठावरून सगळे पक्षी नुसते काळे दिसतात. दुर्बीण ८×४२ पुरते. १० पट मोठी दाखवणारी मुलांच्या हातात हलते. भडक कपडे नकोत, आणि फोटोसाठी टाळ्या वाजवून थवा उडवणं तर नकोच. इतक्या लांबून आलेल्या पक्ष्याला पोट भरण्यासाठी दिवसाचे मोजकेच तास मिळतात.

धुपदाळलाच पाणी अडवून कालव्यात घालतात, त्यामुळं खाली गोकाकचा धबधबा थंडीत बारीक. सुमारे ५२ मीटरच्या कड्यावरून दोन-चार धारा. पावसाळ्यातले फोटो बघून जाणारे हिरमुसतात. तरीही जावं, कारण पाणी नसतानाच कड्याचे थर, झुलता पूल आणि खालची जुनी वीजनिर्मितीची जागा नीट दिसते. गिरणीसाठी इथं पाण्याच्या बळावर वीज तयार होत असे. कडेला कठडा नाही तिथं खडक पाण्यानं गुळगुळीत झालेला आहे, मुलाचा हात सोडू नये. करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घ्यावा, ताजा बघून.

हिडकलचा जलाशय मोठा, ५१ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा). धरणाच्या भिंतीवर सोडतील न सोडतील, कॅमेरा तर बाहेरच. त्यापेक्षा बॅकवॉटरचा काठ बरा. पण जानेवारीपासून पाणी मागं सरकतं आणि मागं राहतो तो गाळ. वरून तडकलेला, वाळका, खाली लोण्यासारखा. काठीनं टोचून बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये, गाडी तर डांबर सोडून खाली नेऊच नये. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नये, चाक आपला खड्डा आपणच खणतं. सगळ्यांनी उतरायचं, ज्या चाकांना इंजिनाचं बळ येतं त्यांची हवा वीसपर्यंत सोडायची, चाकापुढचा चिखल हातानं काढून पायातले मॅट उलटे टाकायचे आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच उचलायची. मागं कोणी उभं नको, मॅट गोळीसारखं मागं उडतं. पोहणं बंद. काठ अचानक खोल होतो, कारण खाली बुडालेलं नदीचं पात्र असतं.

सोमवार : आंबोली

शिनोळीला महाराष्ट्र लागतो, पण गावं, नातीगोती, वडाप सगळं तेच. रस्ता चोर्ल्यापेक्षा पुष्कळ बरा. आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम. हीच पुढं संकेश्वरवरून जाऊन घटप्रभेला मिळते, म्हणजे कालच्या पाण्याचं हे वरचं टोक. धबधबा थंडीत नावापुरता. दुपारनंतर लगेच परत निघायचं, कारण संध्याकाळी गवे रस्त्यावर येतात. एक ओलांडला की मागं कळप असतो. लांब थांबायचं, डिपरवर, हॉर्न नाही, फ्लॅश नाही. चंदगड भागात टस्कर हत्तीही फिरतो. पुढं कुठं दिसला याची खबर हॉटेलवाल्याला असते, विचारून निघावं.

कोदाळीवरून तिलारी घाट उतरायची टूम निघाली. अरुंद, चोर्ल्यापेक्षा कितीतरी उभा, पहिल्या गिअरचा. भरलेल्या गाडीनं आणि नवख्या हातानं नको. वरून दरी बघून मागं फिरावं.

मंगळवारी राकसकोप, संध्याकाळी तासभर. हे शहराचं पिण्याचं पाणी, तिथं गाडी धुणाऱ्यांना काय म्हणावं. सौंदत्तीचा बेत पुढं ढकलला. मार्गशीर्ष आणि माघ या दोन्ही पौर्णिमांना यल्लम्माच्या डोंगरावर जत्रा असते आणि आठवडाभर आधीपासून कोल्हापूरकडच्या गाड्यांनी रस्ता तुंबतो. दिनदर्शिकेत पुनवा टाळून मधला एखादा आठवडा धरायचा, नवीलतीर्थ त्याच दिवशी होतं.