सहा ते दहा, सोळा ते वीस

घणसोलीच्या एका शाळेत सहावीची वाचनपडताळणी चालू होती. एकेका मुलाला व्हरांड्यात बसवून तक्ता दाखवायचा. सुरुवात परिच्छेदापासून. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, अडला तर शब्द, मग अक्षरं. पाच शब्दांतले किंवा अक्षरांतले चार बरोबर आले की ती पातळी धरायची. एका मुलीने गोष्ट सरळ वाचली, फॉर्मवर सगळ्यांत वरची चौकट भरली गेली. पडताळणीच्या दृष्टीने तिचा प्रश्नच नव्हता.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "वाचते छान हो, पण श्रुतलेखनात लक्षच नसतं."

मी वर्गाला २० शब्द घातले होते. तिच्या वहीत ९ चुका. इथल्या आगरी घरांतली मुलं 'पाणी'चं 'पानी' आणि 'शाळा'चं 'शाला' लिहितात. ती घरची बोली आहे, त्या चुका मी मोजत नाही आणि कुणी मोजू नयेत. हिच्या चुका निराळ्या होत्या. 'पाऊस'चं 'पाऊ', 'शेत'चं 'एत'. मग क्रमांक पाहिले. चुकलेले सगळे शब्द ६ ते १० आणि १६ ते २० मधले. शब्द सांगताना मी वर्गात फेऱ्या मारते. पहिले पाच फळ्यापाशी, पुढचे पाच मागच्या बाकांपाशी, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. माझं तोंड दिसत होतं तोवर तिचा एकही शब्द चुकला नव्हता.

मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात पंखे बंद करून तिची ऐकण्याची, सहा ध्वनींची चाचणी घेतली. मी ध्वनी काढायचा, तिने ऐकून परत म्हणायचा. म, ऊ, आ, ई, श, स. 'म' सगळ्यांत खालच्या पट्टीतला, 'स' सगळ्यांत वरच्या. या सहांत बोलण्यातल्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या येतात. ओठ दिसू नयेत म्हणून तोंड झाकायचं, पण हात किंवा पुठ्ठा धरायचा नाही. त्याने नेमके 'श' आणि 'स'च दबतात आणि चांगलं ऐकणारं मूलही नापास होतं. भरतकामाच्या रिंगेवर पातळ कापड ताणून ते धरायचं, नाहीतर मुलाच्या पाठीमागे उभं राहायचं. क्रम दर वेळी बदलायचा, दोन ध्वनींमधलं अंतरही कमीजास्त ठेवायचं, मध्येच काहीच बोलायचं नाही. नाहीतर मुलं ताल पकडून अंदाजाने उत्तर देतात. 'स' ओढून जोरात म्हटला तरी चाचणी वाया जाते.

१ मीटरवर तिने सहाही परत म्हटले. ३ मीटरवर 'स'ला ती गप्प, 'श'लाही गप्प, आणि 'ई'ला म्हणाली 'ऊ'. या दोन स्वरांचा खालचा भाग सारखाच असतो, फरक वरच्या पट्टीत. तोच तिच्यापर्यंत पोचत नव्हता. हे निदान नव्हे. कानात मळ आहे का, पडद्यामागे पाणी आहे का, हे नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी बघायचं आणि मग ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची मोजणी. पण पाच मिनिटांची ही चाचणी कोणत्याही शिक्षकाला जमते, आणि डीएडला ती शिकवत नाहीत याची मला चीड येते.

रिकाम्या वर्गात आवाज ३५ डेसिबलच्या आत हवा, असं मानक आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या त्या खोलीत खिडक्या उघड्या असताना ते शक्यच नाही. बाईंना मी तिला पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवायला आणि फळ्याकडे तोंड करून न बोलायला सांगितलं. बाईंनी त्याच तासाला जागा बदलली.

आई दुपारी आली. मुलगी सातव्या महिन्यातली, जन्मल्यावर काचेच्या पेटीत होती. बोलायला उशिरा लागली, तेव्हा "हिचा बापही उशिरा बोलला" म्हणून सगळे थांबले. बाळाच्या पहिल्या महिन्यात कानांची तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत सुरू, हा या कामातला पाया. पेटीत राहिलेल्या बाळांचं तर सुटू नयेच. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा सरकारी आरोग्य पथक येऊन तपासतं, तरी ही सहावीपर्यंत आली. ओठ वाचून ती इतकी नीट उत्तरं देते की घाईच्या तपासणीत ती निसटणारच.

फॉर्मवर यातलं काही लिहायला जागा नाही. समासात लिहिलं, तर डेटा भरणारे म्हणाले, "मॅडम, याला कोड नाही."

मी निघताना आई म्हणाली, "मॅडम, धाकटापण पेटीतलाच." तो दीड वर्षाचा, अजून शब्द नाही. दोघांनाही वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांवर काम करणाऱ्या संस्थेत पाठवतेय. मुलगी आवाज ऐकू आला की खूण करून सांगेल, पण त्याची बेरा तपासणी, म्हणजे डोक्याला तारा लावून आवाजाला मिळणारा नसांचा प्रतिसाद बघणं, झोपेतच करावी लागेल. म्हणून आईला सांगितलंय, त्या दिवशी पहाटे उठवा, आणि लोकलमध्ये काहीही झालं तरी झोपू देऊ नका.