पीएच नॉर्मल, तरीही आयसीयू

अतिदक्षता विभागात एबीजीचा, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू आणि आम्लता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की बहुतेकांची नजर आधी पीएचवर, म्हणजे रक्ताच्या आम्लतेच्या मापावर, जाते, आणि तो ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यान असला की पुढचे आकडे घाईघाईत वाचले जातात. त्या दिवशी कॅज्युअल्टीत आलेल्या एका कॉलेजवयीन मुलीच्या रिपोर्टात पीएच ७.३८, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३८ आणि आम्ल शोषून घेणारे बायकार्बोनेट २२ होते. निवासी डॉक्टरने फोनवर विचारले, ‘‘मॅडम, शुगर ४६८ आहे, पण एबीजी नॉर्मल आहे. वॉर्डात ठेवू का?’’

खाली जाऊन पाहिले, तर मुलीची जीभ लाकडासारखी कोरडी पडली होती, नाडी १३० च्या घरात होती आणि प्रत्येक प्रश्नाला ती एका शब्दात उत्तर देत होती. तिला लहानपणापासून टाइप १ मधुमेह होता आणि तीन दिवस उलट्या चालू होत्या. आई म्हणाली, ‘‘पोटात काही ठरतच नव्हतं, मग इन्सुलिन कसं द्यायचं? शुगर एकदम उतरली असती ना, डॉक्टर.’’ हे कारण आम्ही वारंवार ऐकतो. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबीतून बनलेली कीटोआम्ले रक्तात साठतात त्या अवस्थेत, जो खोल, धापेचा श्वास दिसतो, तो तिला नव्हता, आणि फसगत होण्याजोगी खरी जागा तीच होती.

रिपोर्टाचा अर्थ लावण्याआधी त्यातले आकडे एकमेकांशी जुळतात का, हे मी तपासते. सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारे द्रवरूप हेपॅरिन जास्त राहिले तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट दोन्ही खोटे कमी येतात, आणि हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनचा आकडा बिघडतो. सिस्टरांनी दोन्हींची काळजी घेतली होती. २४ ला ३८ ने गुणून २२ ने भागले की हायड्रोजन आयनांचे प्रमाण सुमारे ४१ येते, आणि ७.३८ या पीएचलाही जवळपास तेवढेच लागते. म्हणजे आकडे खरे होते.

मग त्याच कागदावरचे खालचे आकडे घेतले : सोडियम १३६, क्लोराइड ८४, पोटॅशियम २.९, लॅक्टेट १.८. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले की अ‍ॅनायन गॅप, म्हणजे थेट न मोजलेल्या ऋणभारित कणांचा अंदाज, ३० निघतो; तो १२ च्या आसपास असायला हवा. लॅक्टेट हे आम्ल नॉर्मल असल्याने जास्तीच्या या १८ ला ते कारण नव्हते, तेव्हा कीटोआम्ले हाच संशय होता आणि लघवीच्या तपासणीत कीटोन भरपूर निघाले. आता १८ आम्लाने साधारण तेवढेच बायकार्बोनेट खाल्ले असेल आणि तरी २२ शिल्लक असेल, तर आम्ल नसते तर ते ४० च्या आसपास असते. इतके बायकार्बोनेट आले कुठून, याचे उत्तर ८४ या क्लोराइडमध्ये होते : उलट्यांतून जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल तीन दिवस बाहेर जात होते आणि त्या प्रमाणात रक्तात बायकार्बोनेट वाढत होते. बँकेच्या खात्यात एकाच दिवशी मोठा भरणा आणि तेवढीच मोठी उचल झाली की शिल्लक तीच दिसते. पीएच ही फक्त शिल्लक असते.

एकट्या आकड्याने चकवण्याचा हा प्रकार जुना आहे. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीत रुग्णांच्या रक्तातले वाढलेले बायकार्बोनेट अल्कलोसिस, म्हणजे रक्त अल्कधर्मी झाल्याची खूण, म्हणून वाचले जात होते. श्वास अपुरा पडल्याने कार्बन डायऑक्साइड साठतो आहे, हे ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने दाखवले आणि तिथून आजच्या आयसीयूची वाट निघाली.

मुलीला वर आयसीयूत घेतले. इन्सुलिन लगेच सुरू करण्याचा मोह होतो, पण पोटॅशियम २.९ असताना इन्सुलिन दिले तर उरलेले पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून आधी सलाइन आणि पोटॅशियम, मॉनिटरवर डोळा, आणि पोटॅशियम ३.५ च्या वर गेल्यावर इन्सुलिनचे इन्फ्युजन, म्हणजे शिरेतून सतत थोडे थोडे इन्सुलिन.

संध्याकाळच्या एबीजीने सगळ्यांना दचकवले. पीएच ७.३२, कार्बन डायऑक्साइड ३४, बायकार्बोनेट १७. उपचार चालू असताना पीएच घसरला होता, आणि सोडा-बायकार्ब, म्हणजे बाहेरून बायकार्बोनेट, द्यायचे का अशी विचारणाही झाली. मी गॅप काढायला सांगितला. सोडियम १३७, क्लोराइड ९६, म्हणजे गॅप ३० वरून २४ वर आला होता. उलट्या थांबल्या होत्या आणि सलाइनमधल्या क्लोराइडने अल्कलोसिस आधी ओसरला. कीटोआम्ले मात्र त्यांच्या गतीने, सावकाश कमी होत होती. झाकलेला अ‍ॅसिडोसिस आता उघडा दिसत होता एवढेच. मुलगी तोवर पूर्ण वाक्यांत बोलू लागली होती आणि घसा कोरडा पडल्याची तक्रार करत होती. सोडा-बायकार्ब दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅप १३ वर आला. बायकार्बोनेट १८ च होते, पण क्लोराइड १०७ झाले होते. बायकार्बोनेटची ही उरलेली तूट सलाइनमधल्या क्लोराइडची देणगी होती आणि मूत्रपिंडे ती दोनेक दिवसांत भरून काढतात. तिने पेज घेतली, ती पोटात ठरली, तेव्हा दीर्घकाळ टिकणाऱ्या इन्सुलिनचे इंजेक्शन दिले आणि त्यानंतर दोन तासांनी इन्फ्युजन बंद केले. आईला समजावले की मुलगी उपाशी असली तरी यकृत साखर तयार करतच असते आणि इन्सुलिन नसले की चरबीतून कीटोन बनतात, त्यामुळे आजारपणात डोस कमी-जास्त होईल, पण दीर्घकाळचे इन्सुलिन बंद करायचे नाही. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि विचारले, ‘‘मग शुगर किती वेळा तपासायची?’’ मी सांगितले, आजारी असताना दर तीन-चार तासांनी, आणि दोन उलट्या झाल्या तरी वाट पाहत थांबायचे नाही, लघवीतले कीटोन तपासून सरळ दवाखान्यात यायचे.