गोधडी नंबर ४ : अजिंठ्याचं छत, येळवशीचे रंग अन् आतापर्यंत २२ फेऱ्या

मंडळी, मागच्या गोधडीनंतर बरेच दिवस काही लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं हातात काही नव्हतं. आता आहे, म्हणून सगळं एकदाच सांगते, जरा लांबेल.

आधी नंबर ३ बद्दल थोडं, कारण नंबर ४ तिच्यातनंच निघालीय. त्या वर्षी मी बरीच फिरले होते. पैठणला मागावर पैठणी बघितली, संभाजीनगरात हिमरूच्या शाली बघितल्या, बीबी का मकबऱ्याच्या जाळ्या बघितल्या, अन् घरी येऊन हे सगळं एकाच गोधडीत घातलं. पदरावरचा मोर, हिमरूची वेल, जाळीची चांदणी, वर कमळ. एकेक तुकडा स्वतंत्र बघितला तर चांगला शिवलाय, पण अंथरल्यावर नजर कुठं ठरतच नाही. शेजारच्या मावशी, ज्यांच्याकडनं मी धावदोरा (गोधडीचा साधा सरळ टाका) शिकले, त्या बघून एवढंच म्हणल्या, "चांगलं केलीस गं, पण ह्याच्यात निजावं कुठं?" मला ते लई लागलं, अन् खरंही वाटलं. गोधडी ही शेवटी माणसानं अंगावर घ्यायची वस्तू आहे, तिला बघून डोळ्याला आधी आराम पडला पाहिजे.

त्यावरनं मी ठरवलं की एका प्रवासातनं एकच गोष्ट उचलायची. बाकीचं वहीत राहू द्यायचं. हे पाळायला लई अवघड आहे, कारण जाऊन आल्यावर सगळंच शिवून टाकावंसं वाटतं.

तर अजिंठा. लातूरहून रात्रीच्या गाडीनं संभाजीनगर, तिथनं सकाळची एसटी, फर्दापूर टी-पॉइंटला उतरून लेण्यांकडं जाणारी बस. (सोमवारी लेणी बंद असतात, वेरूळ मंगळवारी, दोन्ही करणार असाल तर वार बघून निघा.) मी शाळेच्या सहलीत गेले होते तेव्हा फक्त भिंतीवरची माणसं बघितली होती, पद्मपाणी वगैरे, सगळे तेच बघतात. यावेळी पहिल्या लेण्यात शिरले, डोळे अंधाराला सरावले, अन् सहज वर बघितलं तर मान खाली करवेना. छताचे चौकोन चौकोन पाडलेत अन् प्रत्येक चौकोनात काहीतरी वेगळं, कुठं कमळ, कुठं फळं, कुठं जनावरं, कुठं नुसती वेल. दुसऱ्या लेण्यात तर गोल वर्तुळांच्या आत वर्तुळं आहेत अन् एका वर्तुळात हंसांची रांग फिरलीय. दगडाच्या छताला कापडाचा चांदवा ताणून बांधलाय असंच वाटतं बघा. मी तिथं उभ्या उभ्या म्हणलं, ही तर गोधडीच आहे.

फ्लॅश मारता येत नाही, अन् मारूही नये, त्यामुळं फोटो सगळे अंधारे आले. म्हणून मी वहीत काढत बसले, अन् त्याचाच जास्त फायदा झाला. कमळ काढायला गेले तर जमेना, मग नुसते चौकोन काढले, अन् काढता काढता लक्षात आलं की एवढं सगळं वेगवेगळं असूनही तिथं गर्दी का वाटत नाही. चौकोनांच्या मधल्या पट्ट्यांमुळं. प्रत्येक चित्राला त्याचं त्याचं आवार दिलंय, कमळ शेजारच्या बैलाच्या अंगावर जात नाही. माझ्या नंबर ३ ला मधी पट्ट्याच नव्हत्या, तुकड्याला तुकडा भिडवला होता, मोराची शेपटी जाळीत घुसली होती. दीड हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हे छत रंगवलं त्यांना हे पक्कं माहीत होतं, अन् मला ते कळायला तीन गोधड्या लागल्या.

त्या दिवशी अजिंठ्यातनं मी फक्त पट्टी उचलली. कमळ नाही, हंस नाही, पट्टी.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. गोधडी ५ फूट बाय ७ फूट, म्हणजे ६० इंच बाय ८४ इंच. आडवे ५ चौकोन, उभे ७, एकूण ३५. प्रत्येक चौकोन शिवून झाल्यावर ९ इंचाचा, मधल्या पट्ट्या ३ इंचाच्या, कडेला चारी बाजूंनी दीड इंच. बेरीज करून बघा, आडवंही बरोबर बसतं अन् उभंही. शिलाईसाठी चारी बाजूंनी अर्धा इंच सोडायचा म्हणून कापताना चौकोन १० इंचाचे अन् पट्ट्या ४ इंचाच्या. मी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा साचा केला, अन् दहा-बारा तुकडे कापले की साच्याच्या कडा झिजतात म्हणून नवा केला. हे ज्यांनी हातानं कापलंय त्यांना माहीत असेल, साचा एक सूत झिजला की शेवटच्या ओळीत अर्ध्या इंचाचा घोळ होतो.

आता रंग. इथं मी दोन महिने अडकले. अजिंठ्याचे रंग घ्यायचे म्हणलं, पण मग परत तेच, एका प्रवासातनं दोन गोष्टी. शिवाय छतावरचे रंग आज दिसतात ते धुरानं, काळानं मऊ झालेले, तसं कापड आणायचं कुठनं. कापडाच्या दुकानात तीनदा जाऊन मोकळ्या हातानं परत आले.

मग डिसेंबरात येळवस आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्या लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात असतात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, कोपीत पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, मग भज्जी, उंडे, खिचडा, अंबील. सकाळी आमच्या शेतात भाऊ पांडवांच्या दगडांना चुना लावायला लागला होता अन् मी त्यावर कावेचे, म्हणजे लाल मातीचे, पट्टे ओढायला बसले. बोटाला काव, शेजारी पांढरा चुना, कोपीवर पिवळसर कडबा, मागं उभ्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचं हिरवं रान. हात थांबला. अजिंठ्यातला लाल म्हणजे तरी काय, कावच. तिथले बरेचसे रंग मातीचे अन् दगडाचेच आहेत. लाल काव, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुन्यासारखे पांढरे दगड-माती, काळ्याला काजळी. फक्त निळा तेवढा लांबचा, तो दगड अफगाणिस्तानाकडनं यायचा. म्हणजे जे मी दुकानात हुडकत होते ते आमच्या कोपीत होतं, अन् मी लहानपणापासनं दर वर्षी ते बघत होते.

आई म्हणली, "काय बघायलीस गं तिथं, अंबील घे की." मी तशाच हातानं मोबाईलमध्ये फोटो काढला, कावेचा ठसा अजून कव्हरला आहे, पुसला नाही मी तो.

तर रंग ठरले. कावेचा लाल, तुरीच्या डाळीचा पिवळा, गर्द हिरवा, पट्ट्यांना पांढरा, अन् निळा मोजून ५ चौकोन, तेवढेच, कारण तो पाहुणा आहे. लाल १२, पिवळे ९, हिरवे ९, निळे ५.

कापड कुठनं आणलं ते सांगते. पांढऱ्या पट्ट्या आजोबांच्या धोतराच्या, इतकं मऊ झालंय ते कापड की सुई आपोआप जाते. हिरवा आज्जीच्या इरकल लुगड्याचा, अंगाचा भाग फक्त, पदर नाही घेतला. पदर रेशमाचा, तो निसटतो, सुताबरोबर शिवला तर एक आकसतं एक आकसत नाही अन् मग गोळा होतो. निळा जुन्या शर्टाचा. पिवळा अन् लाल मात्र विकत आणले, अन् लालनं मला रडवलं. दुकानदार म्हणला रंग पक्काय, मी विश्वास ठेवला, एकदा साध्या पाण्यातनं काढलं अन् कापून शिवायला घेतलं. पहिल्या ओळीचे पाच चौकोन पट्ट्यांसकट जोडून झाले, इस्त्रीआधी पाणी शिंपडलं, तर लाल रंग पांढऱ्या धोतरात उतरला. आजोबांचं धोतर हो. दुसरं कुठलं कापड असतं तर एवढं वाटलं नसतं. त्या दिवशी मी सगळं गुंडाळून कपाटात टाकलं अन् आठ दिवस उघडलं नाही.

आता मी असं करायलेय: नवं कापड कुठलंही असो, एक तुकडा गरम पाण्यात भिजवायचा, ओला असतानाच पांढऱ्या फडक्यावर ठेवून वरनं इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग आला की परत भिजवायचं, परत दाबायचं, डाग थांबेपर्यंत. माझा लाल सहा वेळा भिजवल्यावर थांबला, अन् थांबेपर्यंत इतका छान फिका झाला की आता खरंच कावेसारखा दिसतो. मीठ घालून बघितलं, माझ्या कापडाला त्यानं काही फरक पडला नाही. डागाळलेल्या पट्ट्या उसवून गोधडीच्या आतल्या थरात घातल्या, धोतर फेकायचं नव्हतं.

एक गोष्ट जरूर करून बघा. सगळे चौकोन जमिनीवर मांडल्यावर खुर्चीवर चढून फोटो काढा अन् मोबाईलमध्येच तो ब्लॅक अँड व्हाइट करा. मला वाटत होतं माझा लाल अन् हिरवा एकमेकांच्या एकदम उलट आहेत, फोटोत दोन्ही सारखेच करडे आले, शेजारी शेजारी ठेवलेले चौकोन एकच मोठा धब्बा दिसत होते. मग मांडणी बदलली, लालच्या शेजारी पिवळा, हिरव्याच्या शेजारीही पिवळा, लाल-हिरवा जमेल तितके तिरके. तीन संध्याकाळी यात गेल्या, चहा गार होत होता, पण त्या तीन संध्याकाळी मला शिवण्याएवढ्याच आवडल्या.

आत काय आहे: एक जुनं लुगडं दुपदरी घालून, अन् खाली अस्तराला सुती साडी. दोन्हींचा पन्हा ६० इंचाला पुरत नाही, म्हणून कडेला पट्टी जोडून घेतली, अन् तो जोड वरच्या पट्टीच्या खाली येईल असं धरलं, नाहीतर चौकोनाच्या मधीच जाड लागतं. मावशींनी चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा अन् दोन विटा ठेवून ताणून दिलं, मग कच्चे टाके. मी पिना लावणार होते, मावशी म्हणल्या, "टाचण्यानं गोधडी होत नसती, कच्चा टाका घाल, हातभर अंतरानं." ऐकलं ते बरं झालं.

धावदोऱ्याला मकबऱ्याच्या जाळीची षटकोनी नक्षी घ्यायची की नाही यावर मी बरीच घुटमळले. फूटभर नमुना करून बघितला. दिसायला फार सुंदर झाला, पण एवढ्या कोपऱ्यांमुळं कापड कडक झालं, पुठ्ठ्यासारखं. ते अंगावर घेऊन कोणाला झोप येईल. त्या नमुन्याची उशीची खोळ होईल पुढं कधीतरी. गोधडीला आपला जुनाच धावदोरा, कडेपासनं आत आत फिरत जाणारा, अर्ध्या अर्ध्या इंचावर.

अन् याचा हिशोब लई मजेशीर आहे. बाहेरची पहिली फेरी जवळजवळ २४ फुटांची. अर्ध्या इंचानं आत सरकत गेलं तर मध्यापर्यंत ६० फेऱ्या, सगळा मिळून अडीचशे मीटरच्या वर धावदोरा. पहिल्या फेरीला मला अडीच तास लागले अन् वाटलं हे कधी संपणार. पण प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा लहान होत जाते. आज बाविसावी झाली, ती साडेसोळा फुटांवर आलीय, अन् ६० पैकी २२ म्हणजे थोडं वाटतं पण दोऱ्याच्या लांबीत बघितलं तर अर्धी गोधडी मागं पडलीय! हे मला कालच आकडेमोड करताना कळलं अन् रात्री झोपायच्या आधी अजून अर्धी फेरी घातली.

मधल्या काळात तेरलाही जाऊन आले, गोरोबाकाकांच्या गावी. लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगर शहराचं, म्हणजे जुन्या तेरचं, घरगुती सामान. मन एकदम भरलं, पण उचलायची एकच, म्हणून तिथल्या त्रिविक्रमाच्या देवळाच्या विटा उचलल्या. एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या विटेच्या पोटावर. ती नंबर ५ होणार, आयताकृती तुकडे, एकाआड एक सरकवलेले. वहीत काढून ठेवलंय, त्याच पानावर एसटीचं तिकीट चिकटवलंय.

आता एक अडचण आहे. ५१ फेऱ्या झाल्या की मधोमध बरोबर तीन चौकोन उरतात, एकाखाली एक, पट्ट्यांसकट ९ इंच बाय ३३ इंच. अगदी मधला मी पिवळा ठेवलाय अन् त्यावर मला आमची लातूरची गोल बाजारपेठ, गंजगोलाई, शिवायचीय, एक गोल अन् त्यातनं निघणारे सोळा रस्ते. रोज भाजी आणायला जाते त्या गोलातनं, आजपर्यंत ती नक्षी म्हणून कधी दिसलीच नव्हती. पण सरळ फेऱ्यांच्या मधी गोल धावदोरा घातला की कापड मधी फुगतं, नमुन्यात फुगलंच. गोल आधी शिवून मग फेऱ्या त्याच्यापर्यंत आणाव्या, की फेऱ्या ५१ ला थांबवून गोल मधून बाहेर शिवत यावं? मावशी म्हणतात आधी गोल. पण माझ्या २२ फेऱ्या बाहेरनं झाल्यात, आता मधी गोल घातला तर उरलेलं कापड सरकून कुठं जमा होईल याची भीती वाटायलीय. कोणी असं केलं असेल तर सांगा, तोवर मी तेविसावी चालू ठेवते.